फेजला दिलेलं गोड पाणी

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या घरात फरक एवढाच पडला, की अब्बांना धड जेवायला सवड मिळेना. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, नवी कार्यालयं म्हणजे बदलून आलेले साहेब, आणि साहेब काही सतरंजीवर झोपत नाहीत. आम्ही पिंजारी. गल्लीच्या तोंडाशी अब्बांचं दुकान. दिवसभर पिंजणाची तात वाजत राहायची आणि दुकानातून बाहेर येणाऱ्या माणसाच्या भुवयांवर कापूस बसलेला असायचा. गाद्या सगळेच पिंजारी भरत, पण बैठकीचे लोड भरावेत तर अब्बांनीच, असं गावात बोललं जायचं. आधी खोळ शिवायची, तिचं एक टोक बंद करायचं, दुसऱ्या टोकाला मूठ जाईल एवढंच तोंड ठेवायचं आणि मग काठीनं त्या तोंडातून कापूस कोंबत राहायचं. पाहणाऱ्याला वाटे की आता आत बोटभरही जागा नाही. अब्बा आणखी दोन ओंजळी कोंबत.

मी तेव्हा नांदेडला एम.एस्सी. करत होते, सूक्ष्मजीवशास्त्रात. आमच्या घरात मुलीनं एवढं शिकणं हेच नवल होतं, त्यात मी जंतूंचं शिकते म्हटल्यावर गल्लीतल्या बायका माझ्या हातचा चहा घेताना जरा विचार करत. लातूरला पाणी तपासायची प्रयोगशाळा निघणार होती आणि तिथं एक जागा भरायची होती. मुलाखतीला निकाल हातात लागणार होता. म्हणजे माझं शेवटचं प्रात्यक्षिक नीट पार पडलं तर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर नोकरी, आणि नाही पडलं तर वर्ष गेलं, जागा गेली, आणि अम्मीनं उदगीरचं एक स्थळ पदराखाली झाकून ठेवलेलं होतं ते बाहेर आलं असतं. त्या स्थळाला शिकलेली मुलगी हवी होती, पण फार शिकलेली नको होती. मला हे ऐकूनच संताप यायचा. संताप मला तसा लवकर येतो, अजूनही.

माझा विषय होता फेज. जीवाणू म्हणजे बॅक्टेरिया, ते आपल्याला आजारी पाडतात. त्या जीवाणूंनाही आजारी पाडणारे विषाणू असतात, त्यांना फेज म्हणतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. फेजला एक डोकं असतं आणि एक शेपूट. डोक्यात ठासून भरलेला डीएनए, म्हणजे पुढची पिढी कशी करायची त्याची सगळी माहिती. शेपूट जीवाणूला चिकटतं, डीएनए आत जातो आणि थोड्या वेळात तो जीवाणू फुटून त्यातून नव्या फेजची पलटण बाहेर पडते. हे सगळं डोळ्यांनी दिसत नाही. आपण काचेच्या प्लेटमध्ये जीवाणूंचा दुधट थर वाढवायचा, त्यावर फेज सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या थराला खसखशीएवढी भोकं पडलेली पाहायची. एका भोकाच्या जागी एक फेज होता असं समजून मोजायचं. या भोकांना प्लाक म्हणतात. मी नांदेडच्या एका नाल्याचं पाणी आणून, गाळून, त्यातून फेज मिळवले होते. वर्गातली मुलं मला नालेवाली म्हणत. म्हणू देत, पण त्यांच्यातल्या कोणाचेच प्लाक माझ्याइतके गोल येत नव्हते.

त्या वर्षी दुष्काळ होता. नांदेडला गोदावरी आहे म्हणून लातूरवाले आम्हाला नशीबवान समजत. नदीत तेव्हा डबकी उरली होती आणि डबक्यांत म्हशी. कॉलेजचे नळ कोरडे पडले आणि आवारातल्या बोअरचं पाणी तेवढं राहिलं. ते पाणी इतकं खारं, की चहात घातलं तर दूध फाटावं. किटलीत दगडासारखा पांढरा थर धरायचा. प्रयोगशाळेत लागतं ते डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफ करून थंड केलेलं, ज्यात काही म्हणता काही नाही असं पाणी. पण ते करायच्या यंत्राला गार पाण्याची धार सतत लागते, आणि धार कुठून आणायची? यंत्र बंद पडलं. आमच्या गाईड मॅडम व्यवहारी बाई होत्या. म्हणाल्या, बोअरचं पाणी उकळा, निवळा, गाळा आणि कामाला लागा. मग मी सगळं त्याच पाण्यात केलं. जीवाणूंचं खाद्य त्याच पाण्यात, फेज पातळ करायच्या नळ्या त्याच पाण्याच्या. नळ्यांच्या तळाशी पिठासारखी साय बसायची. फेजची काही तक्रार नव्हती.

प्रयोगशाळेत एक मामा होते. हुद्द्यानं शिपाई, पण सगळी प्रयोगशाळा त्यांच्या खांद्यावर. काच धुणं, नळ्या भरणं, त्या कुकरमध्ये घालून निर्जंतुक करणं, प्लेटा जाळीवर लावणं, सगळं तेच करत. पन्नाशीचे असतील. कामावर आले की आधी भिंतीवरल्या बाबासाहेबांच्या तसबिरीवरची धूळ पुसायची आणि मग आमच्या काचा. माझ्या फेजना ते "तुमचे किडे" म्हणत. मी कितीदा सांगितलं की किडे नव्हेत. ते म्हणत, "दिसत न्हाईत ते किडे. दिसले असते तर दुसरं काई म्हनलो असतो."

प्रात्यक्षिकाला बाहेरगावचे परीक्षक आले, म्हातारे, धोतर नेसणारे, बोलायला अतिशय मऊ आणि त्यामुळे भीती वाटावी असे. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर फ्रीजमधून फेजची मूळ बाटली काढली. फेज पातळ करायची रीत अशी, की बाटलीतलं एक मिली पहिल्या नळीतल्या नऊ मिली पाण्यात, त्यातलं एक मिली दुसऱ्या नळीत, असं करत सहा-सात नळ्या पुढं जायचं. शेवटच्या तीन नळ्यांतलं पाणी जीवाणूंसोबत प्लेटांवर ओतायचं, कारण आधीच्या नळ्यांत फेज इतके दाट असतात की भोकं मोजताच येत नाहीत. त्या दिवशी नळ्या नेहमीपेक्षा स्वच्छ दिसत होत्या, तळाशी साय नव्हती. मला ते दिसलं, आणि बरंच वाटलं. परीक्षक आले म्हणून मामांनी पाणी दोनदा गाळलं असेल असं मनात म्हणून मी पुढं गेले. ही चूक माझी, ती आधी लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटा उघडल्या. दुधट थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गुळगुळीत. एकही भोक नाही. तिन्ही प्लेटा तशाच.

फेज मेले होते. का मेले याचा विचार करायच्या आधीच मला दोषी सापडला. गेल्या आठवड्यात वीज जात-येत होती, फ्रीजकडं बघायचं काम मामांचं. मी सगळ्यांसमोर, परीक्षकांसमोर, मुलांसमोर मामांवर ओरडले. म्हणाले, "एवढं एक काम होतं तुमच्याकडं, तेही झालं नाही. माझं वर्ष घालवलंत तुम्ही." आणखीही काही बोलले असेन. मामा हातातलं फडकं घडी घालत उभे राहिले. वयानं माझ्या अब्बांएवढा माणूस, आणि मी त्यांना मुलांसमोर असं बोलले, हे आज लिहितानाही कान तापतात.

परीक्षकांनी मला खाली बसायला सांगितलं. मग म्हणाले, "मूळ बाटली मेली म्हणता, तर तिलाच विचारू." जीवाणूंच्या ताज्या प्लेटवर त्यांनी बाटलीतला एक थेंब टाकायला लावला. दुपारपर्यंत तिथं रुपयाएवढा स्वच्छ डाग पडला. म्हणजे बाटलीतले फेज ठणठणीत होते. फ्रीजनं काही केलं नव्हतं, मामांनीही नाही. बाटलीतून शेवटच्या नळीपर्यंत जाता जाता ते कुठंतरी संपले होते.

"नळ्यांत कोणतं पाणी होतं?" परीक्षकांनी विचारलं.

मी म्हणाले, "बोअरचं, सर."

तेव्हा मामा दारातून पुढं आले. "न्हाई सर. म्या डिस्टिल भरलं होतं."

सगळे त्यांच्याकडं बघू लागले. मामांनी कपाट उघडलं आणि मागच्या कोपऱ्यातून एक बाटली काढली, तळाशी चार बोटं पाणी उरलेली. महिनाभर ते शनिवारी सगळे गेल्यावर ते यंत्र चालवत होते. नळाची धार नाही म्हणून तांब्यानं पाणी ओतायचे, गरम होऊन बाहेर पडलेलं बादलीत धरायचे, निवलं की तेच पुन्हा ओतायचे. अशा चार शनिवारांत दोन बाटल्या झाल्या होत्या. कोणाला बोलले नव्हते.

"परीक्षा हाय म्हनलं," ते म्हणाले, "ताईच्या नळ्यांत त्या दिवशी तरी चांगलं पानी असावं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. परीक्षक मात्र एकदम खुशीत आले. आयुष्यभर शिकवलेली एखादी गोष्ट अचानक समोर घडली की मास्तर माणसाला जसा आनंद होतो तसा. त्यांनी मला तिथंच, त्या कपाटापाशी, तोंडी परीक्षेला बसवलं.

"सांगा, फेज तयार होताना डोकं आधी होतं की डीएनए? डीएनएच्या भोवती कवच चढतं का?"

पुस्तकात मी हे वाचलं होतं, पण त्या क्षणी पुस्तकातलं एक वाक्य आठवेना. दुकान आठवलं. मी म्हणाले, "नाही सर. खोळ आधी."

"काय?"

"माझे वडील लोड भरतात, सर. कापसाचा गठ्ठा धरून त्याच्याभोवती खोळ शिवत नाहीत. खोळ आधी शिवतात, रिकामी. एकाच टोकाला तोंड ठेवतात आणि तिथून कोंबतात. फेजचं डोकंही आधी रिकामं तयार होतं. त्याला एकाच कोपऱ्यात तोंड असतं. तिथं कोंबणारं यंत्र बसतं, प्रथिनांचं. ते पेशीतली ऊर्जा खर्च करून डीएनएचा धागा आत ढकलत जातं. डोक्याच्या लांबीच्या शेकडो पट लांब धागा आत जातो. भरलं की यंत्र सुटतं आणि त्याच तोंडाला शेपूट लागतं."

"आणि इतका धागा आत सुखानं बसतो?"

"सुखानं नाही बसत. डीएनएवर सगळीकडं ऋण भार असतो. धाग्याचा प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याला दूर लोटतो. आत प्रचंड दाब असतो, सर."

"मग कवच फुटत का नाही?"

इथं मी थांबले. समोर मामांची बाटली होती. तिच्या काचेवर एक ठिपकाही नव्हता. आणि टेबलाखाली बोअरच्या पाण्याची घागर, तिच्या काठाला पांढरी किनार धरलेली. मी त्या किनारीकडं बघत म्हणाले, "क्षारांमुळं. पाण्यातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम. त्यांचा भार धन. ते वेढ्यांच्या मध्ये शिरून बसतात, म्हणून लोटालोटी कमी होते. आमचं पाणी खारं, त्यात हे भरपूर. डिस्टिल्डमध्ये काहीच नाही. एकेका नळीत क्षार दहापट कमी होत गेले, आणि शेवटी..."

"शेवटी?"

"शिवण उसवली, सर."

पुढं बऱ्याच वर्षांनी मी वाचलं, की शास्त्रज्ञांनी एकेका फेजचं कोंबणारं यंत्र पकडून त्याचा जोर मोजला. आतला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या कितीतरी पट निघाला. डीएनए जीवाणूत शिरतो त्यातही या दाबाचा हात असतो म्हणे. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. अब्बांनी भरलेल्या लोडाची शिवण एकदा माझ्यासमोर उसवली होती आणि कापूस फसकन बाहेर आला होता. खोळ अब्बांनीच शिवलेली, म्हणून दिवसभर त्यांच्याशी कोणी बोललं नाही.

परीक्षक म्हणाले, मी एक दिवस राहतो, पुन्हा करा. पण वीज गेलेली, बोअरची मोटार बंद, आणि टेबलाखालच्या घागरीत तळ दिसत होता. खारं पाणीही नाही, अशी वेळ आली. ज्या पाण्याला महिनोन्‌महिने शिव्या दिल्या ते मिळेना. मामा सायकल घेऊन गेले. तासाभरानं आले ते कॅरियरला घागर बांधून. त्यांच्या वस्तीतल्या हापशाचं पाणी.

"घ्या ताई," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "आमच्या वस्तीत ह्यापरीस खारं न्हाई कुटं."

मी ते उकळलं, निवळलं, गाळलं. नळ्या त्यांनी भरल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी प्लेटा उघडल्या तर खसखस सांडल्यासारखे प्लाक. परीक्षकांनी स्वतः मोजले, मला एकही मोजू दिला नाही. मी मामांना शोधायला गेले. ते मागच्या बाजूला काचा धूत होते. मला बोलायचं होतं, पण जीभ उचलली नाही. ओरडताना बरी उचलली होती.

निकाल लागला, लातूरची जागा मिळाली. अब्बांनी मला न विचारता माझ्या नव्या कार्यालयातल्या साहेबांसाठी एक लोड भरून ठेवला. मी तो पाठवू दिला नाही. तो पुढं कित्येक वर्षं आमच्याच घरात होता. रुजू व्हायच्या आधी मी पेढ्यांचे दोन पुडे घेऊन नांदेडला गेले, एक कॉलेजात दिला, आणि मामांच्या घरचा पत्ता विचारत त्यांच्या वस्तीत पोचले.

पत्र्याची दोन खोल्यांची जागा, दारात तुळतुळीत सारवलेलं अंगण. मामा सुट्टीवर होते. मला बघून गडबडले आणि बायकोला हाक मारली. मामी बाहेर आल्या, डोक्यावर पदर घेत. मी पेढे त्यांच्या हातात दिले आणि रस्ताभर पाठ केलेलं एकदाचं बोलून टाकलं. म्हणाले, "मामा, त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले. तुमचा काही दोष नव्हता. मला माफ करा."

मामा म्हणाले, "दोष कसा न्हाई? माझ्याच पान्यानं मेले की तुमचे किडे. मॅडमनी सांगितलं मला समदं."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलं होतंत."

त्यांनी माझ्यासाठी अंगणात घोंगडी टाकली. मग म्हणाले, "ताई, आमची माय गावात हिरीवर उभी राहायची. घागर घेऊन. हिरीला हात लावायचा न्हाई. कुनी वरून वतंल तवा पानी. सांजपर्यंत उभी राहायची. ती सांगून गेली, आपल्या दारात आलेल्याला आपन हातानं पानी द्यायचं, अन् घरात असंल त्यातलं चांगलं द्यायचं. तुमचे किडे महिना झाला माझ्याकडंच होते. पाव्हनेच की ते. त्याह्यला रोज खारं पाजून राहिलो व्हतो, माझ्याच्यानं बघवंना."

माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी अंगणात बघत राहिले.

तेवढ्यात मामी पाणी घेऊन आल्या. आत दोन माठ होते ते मला दारातून दिसले होते. एक मोठा, काठाला पांढरी किनार धरलेला. एक छोटा, झाकण आणि त्यावर स्वच्छ फडकं. मोठ्या माठातलं त्यांनी मामांना दिलं. छोट्यातलं एका घासलेल्या पेल्यात भरून माझ्यापुढं धरलं. त्या वस्तीत तेव्हा टँकर दोन दिवसांनी येत होता आणि घराला दोन घागरी मिळत. दाराआड त्यांची लहान नात उभी होती, ती माझ्या हातातल्या पेल्याकडं बघत होती.

मला म्हणायचं होतं, मामी, मला खारं द्या, हे तिला राहू द्या. शब्द ओठापर्यंत आले होते. मग लक्षात आलं, की मामांच्या आईनं जन्मभर ज्यांच्या विहिरीवर पाण्यासाठी वाट पाहिली, तेही या घरातला पेला असाच नको म्हणून परत करत आले होते. कारण वेगळं असलं तरी पेला परत जाताना सारखाच दिसला असता.

मामा माझ्याकडं बघत होते. मी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी प्यायले. पाणी गोड होतं. रिकामा पेला मामींच्या हातात दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "आनखी आनू का?"

मी म्हणाले, "आणा."